मदत हवी आहे : 78×60 लेटेक्स गादीखाली पट्ट्या वाढवू की प्लायवूड टाकू?

मलप्रभाकाठ:
घर खानापुरात. गादी 6 इंची लेटेक्स, 78×60. पलंग जुना सागवानी. 10 आडव्या पट्ट्या, प्रत्येक 3 इंच रुंद, पाऊण इंच जाड, मध्ये टेकू नाही. गादी मधोमध खचल्यासारखी वाटते, खालच्या खोळीवर काळपट ठिपकेही आलेत. सुतारमामा म्हणतात, वरून 12 एमएमचं प्लायवूड टाकून मोकळे व्हा. टाकू का? नवा पलंग घ्यायचा नाही.

रंधा_पटाशी:
आधी दोष कुणाचा ते बघा. गादी काढा आणि उशाकडून पायथ्यापर्यंत पट्ट्यांवर दोरी ताणून धरा. मधल्या पट्ट्या दोरीखाली अर्धा इंच गेल्या असतील तर पलंग वाकलाय. दोरी सगळीकडे टेकली तर गादी सपाट फरशीवर घालून त्यावर झोपून बघा. खड्डा तिथेही राहिला तर पलंगावर खर्च करू नका, गादीच बसलेली आहे.

तुमच्या मापात दोन पट्ट्यांत सव्वापाच इंचांहून जास्त फट पडते. लेटेक्स त्यात हळूहळू उतरतं. त्याला अडीच इंचांच्या आतली फट हवी. त्याच मापाच्या 5 पट्ट्या वाढवा : 15 पट्ट्यांचे 45 इंच, उरलेले 33 इंच 14 फटींत, म्हणजे सव्वादोनच्या जरा वर. जुन्या पट्ट्या उकलून सगळ्या नव्याने वाटून घ्याव्या लागतील, मधे नुसत्या घुसवून फटी सारख्या येत नाहीत.

पण पट्ट्यांपेक्षा मधला दांडा महत्त्वाचा. पाऊण इंची पट्टी 60 इंचांवर विनाटेकू टाकली की वाकणारच. उशापासून पायथ्यापर्यंत 3×2 चा दांडा, 3 इंचांची बाजू उभी ठेवून, आणि त्याला 26-26 इंचांवर दोन पाय. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. बोटभर अधांतरी राहिला तर तो नसल्यासारखाच.

टिळकवाडी_वखार:
वरच्याला दुजोरा. लाकूड वाळलेलं घ्या, सागवान किंवा मत्ती. पावसात वखारीतून आणलेली ओली पट्टी नंतर पिळते. आंब्याची नको, भुंगा लागतो. स्क्रू दीड इंची, आधी भोक पाडून, आणि डोकं लाकडात बुडवून. नाहीतर खोळ फाटते.

प्लायवूडच टाकायचं ठरलं तर 12 एमएम नव्हे, 18. 8×4 फुटी शीटची रुंदी 48 इंच, त्यामुळे अखंड 78×60 निघत नाही. 78×30 चे दोन तुकडे करा आणि सांधा मधल्या दांड्यावर येऊ द्या. दर 6 इंचांवर इंचभराचं भोक. पण बघा की, दांडा घातल्यावर प्लायवूडची गरजच काय उरते?

रंधा_पटाशी:
ठिपक्यांचं कारण बुरशी. अंगाचा घाम गादीतून खाली उतरतो, पावसाळ्यात हवेतच ओल असते, आणि पलंगाखाली ट्रंका-पोती कोंबलेली असतील तर ती ओल सुकायला वाटच नाही. बंद प्लायवूडवर हे वाढेल. खोळीखाली प्लास्टिक असेल तर आधी ते काढा.

आणि एक, आपल्याकडची सवय : गादी दिसली की अंगणात उन्हात. कापसाच्या गादीला ते मानवतं. लेटेक्स थेट उन्हात कडक होऊन भुगा सुटतो. सावलीत, पंख्याखाली, अर्धी गुंडाळून ठेवा, मग दुसरी बाजू.

निपाणी_गल्ली:
आमचा बॉक्स बेड आहे, खाली सामान. गादी काथ्याची. हेच लागू का ओ?

टिळकवाडी_वखार:
काथ्याची गादी मुळात ताठ, तिला सपाट फळी चालते. फक्त झाकणाला भोकं पाडा आणि सामान झाकणाला भिडवू नका, चारेक इंच मोकळं ठेवा.

मलप्रभाकाठ:
दांडा आणि 5 पट्ट्या ठरलं. पण जमीन शहाबादी, उंचसखल आहे. मधल्या पायांचं काय?

रंधा_पटाशी:
पाय पाऊण इंच आखूड कापा आणि खाली फिरवून उंची बदलणारे बोल्टचे पाय बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पलंग जागेवर ठेवून, गादी घालून, मग फिरवा. रिकाम्या पलंगावर जुळवलं तर वजन पडल्यावर माप हलतं.