विषय: ज्योतिष, आता पुढचं पुस्तक कोणतं?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी मी पत्रिका मांडायला शिकले. राशीस्वामी, दृष्टी, उच्च-नीच, एवढं आता न अडखळता येतं. पण फळ सांगायची वेळ आली की गाडी अडते. एका पुस्तकात सप्तमातला, म्हणजे जोडीदाराच्या सातव्या घरातला, शनी म्हणजे लग्नाला उशीर. दुसऱ्यात तोच शनी सप्तमात दिग्बली, म्हणून बलवान. तिसरं म्हणतं, तो कुणाच्या नक्षत्रात आहे ते आधी बघा. कपाटात चौदा पुस्तकं झालीत आणि गोंधळ दर पुस्तकागणिक वाढतोय. भारतातून कुणी येणार असेल तर आणखी चार मागवीन म्हणते. बृहत्पाराशर होराशास्त्र, फलदीपिका, सारावली, बृहज्जातक. यातलं आधी काय वाचू? संस्कृत शाळेपुरतंच आहे.

एक सभासद

---

रि: ज्योतिष, आता पुढचं पुस्तक कोणतं?

अगं, चार मागवू नकोस. एकच मागव, आणि चौदांतली दहा मंडळाच्या वाचनालयाला दे. (वाचनालय मीच सांभाळतो, तेव्हा सल्ल्यात थोडा स्वार्थ आहे.)

तुझ्याकडे पुस्तकं कमी नाहीत, पद्धती जास्त झाल्यात. ग्रह कुणाच्या नक्षत्रात आणि उपनक्षत्रात (नक्षत्राच्या पोटभागात) आहे यावर सगळा भर, ही कृष्णमूर्ती पद्धत; तिचे भावारंभही (घरं कुठे सुरू होतात ते) वेगळ्या गणिताने काढतात. पाराशरीत भावेश (घराचा स्वामी ग्रह) आणि ग्रहदृष्टी. जैमिनीत दृष्टी राशींची, कारक (एकेका विषयाचे प्रतिनिधी ग्रह) बदलते. एकीचा नियम दुसरीत नेऊन लावला तर उत्तर येतं, पण ते कुठल्याच पद्धतीचं नसतं. वर्षभर एकीशीच संसार कर.

पाराशरी धरणार असशील तर लघुपाराशरी घे. जेमतेम चाळीस-बेचाळीस श्लोक, दुपारभरात वाचून होतात आणि मग वर्षभर पुरतात. तुझाच शनी घेऊ. वृषभ लग्नाला (लग्न म्हणजे इथे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, पत्रिकेचं पहिलं घर) शनी नवमेश आणि दशमेश, नवव्या-दहाव्या घरांचा स्वामी, म्हणजे त्रिकोण आणि केंद्र या दोन्ही गटांतल्या घरांचा धनी, एकटाच राजयोगकारक. कर्क लग्नाला तोच सप्तमेश आणि अष्टमेश, मारकांच्या (मृत्यूसूचक ग्रहांच्या) यादीत. शिवाय सप्तमात एकीकडे तो वृश्चिकेत, दुसरीकडे स्वतःच्या मकरेत. आता सांग, लग्न माहीत नसताना ‘सप्तमातल्या शनीचं फळ’ असं एका ओळीत कुणी लिहिलं तर त्याला काय अर्थ? तुझी निम्मी पुस्तकं त्या एका ओळीवर उभी असणार.

बृहत्पाराशराच्या नावाला भुलू नकोस. छापील प्रतींत अध्यायांची संख्यासुद्धा जुळत नाही. शोधून बघायला हाताशी असावं, पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. फलदीपिका वाचायला सोपी, ती दुसऱ्या वर्षी. बृहज्जातक सहाव्या शतकातलं; वराहमिहिर अर्ध्या ओळीत एवढं कोंबतो की दहाव्या शतकातल्या भट्टोत्पलाची टीका नसेल तर आपण वाचतोय असं नुसतं वाटतं. सारावली मला स्वतःला कंटाळवाणी वाटते, म्हणून तिच्याबद्दल गप्प बसतो.

प्रत निवडताना मूळ श्लोक छापलाय का ते बघ. मग अर्थ कुठे संपतो आणि भाषांतरकाराचं स्वतःचं मत कुठे सुरू होतं, ते वेगळं दाखवलंय का. बहुतेक ठिकाणी नसतं, आणि मग ‘ऋषी म्हणतात’ म्हणून आपण भाषांतरकाराच्या अनुभवाची घोकंपट्टी करतो.

आणि अयनांश, म्हणजे ऋतूंवर बेतलेलं आणि ताऱ्यांवर बेतलेलं राशिचक्र यांतलं अंतर! उदाहरणाच्या पत्रिका कुठल्या अयनांशाने केल्यात हे न सांगणारं पुस्तक मी खाली ठेवतो. लाहिरी आणि रामन या दोन अयनांशांत सुमारे १ अंश २६ कलांचा फरक आहे, म्हणजे ८६ कला. नक्षत्र ८०० कलांचं. चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल तर महादशा (आयुष्यातला त्या ग्रहाचा काळ) २० वर्षांची. ८६ भागिले ८०० गुणिले २०, उत्तर २.१५ वर्षं. तेवढी दशा सरकली, आणि तिच्यामागच्या सगळ्याच सरकल्या. स्वतःच्या पत्रिकेवर हातानं करून बघ. संगणकाला विचारू नकोस.

इकडे जन्मलेल्या मुलांच्या पत्रिका करताना उन्हाळी वेळेचा तास वजा करायला विसरू नकोस. त्या एका तासात लग्न सरासरी १५ अंश पुढे जातं. मी एकदा विसरलो होतो, आणि त्या मुलाच्या आजीनं पत्रिका देवापुढे ठेवून झाली होती.

काका

---

रि: रि: ज्योतिष, आता पुढचं पुस्तक कोणतं?

काका, रागावू नका, पण यादीत एक लेख माझ्याकडूनही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात चाचणी घेतली होती, लेख २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. २०० पत्रिका, १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, कोणती कुठल्या गटातली एवढंच ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. लघुपाराशरीच्या आधी हे वाचावं.

---

रि: रि: रि: ज्योतिष, आता पुढचं पुस्तक कोणतं?

रागावायचं काय त्यात, वाचलाय तो लेख. ‘बुद्धी एकट्या पत्रिकेवरून बघत नाहीत’ ही पळवाट आमचे लोक काढतात, पण मग चाचणीत उतरायच्या आधी बोलायचं होतं. तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. आधी तारीख घालून लिहायचं, मग वाट बघायची. वहीत खाडाखोड पुष्कळ आहे. तरी वाचायचं सोडलेलं नाही. लघुपाराशरीची बांधणी मला बुद्धिबळाच्या डावासारखी आवडते, फळ येवो न येवो.

ताईंनी वही ठेवावी. पुस्तकाच्याही आधी.

काका

---

रि: रि: रि: रि: ज्योतिष, आता पुढचं पुस्तक कोणतं?

काका, रात्री गणित केलं. माझा चंद्र भरणीत, म्हणजे शुक्राचंच नक्षत्र. रामन अयनांश धरला तर रवीची महादशा लाहिरीपेक्षा दोन वर्षं आणि जवळजवळ दोन महिने आधी सुरू होते. माझी पहिली नोकरी एका हिशेबानं शुक्रात लागली, दुसऱ्यानं रवीत. गंमत म्हणजे दोन्हीची फळं वाचली आणि दोन्ही पटली. ते बघून जरा चरकलेच.

मग चौदाही पुस्तकं काढून बसले. अयनांश कोणता ते तिघांनीच सांगितलंय. एकात उदाहरणाच्या पत्रिका आहेत, पण जन्मवेळ एकीचीही नाही.

दहा नाही, अकरा आणते. वाचनालयात लघुपाराशरीची श्लोकांसकट प्रत आहे का? असली तर माझ्या नावावर ठेवा. वही घेतली आहे.