सर्फिंगमध्ये पॅडलिंगचा (बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मारण्याचा) दम टिकवायचा कसा? (मुक्काम पुणे, समुद्र वर्षातून दोनदा)

कोथरूडचा_लाटवेडा:
वय ४४, नोकरी बैठी. ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत सर्फिंगसाठी कर्नाटकात मुल्कीला जाणं होतं, चार-चार दिवस. दर वेळी तीच रड. पहिला दिवस मजेत. दुसऱ्या दिवशी तासाभरात खांदे भरून येतात. मागून लाट येताना दिसते, पण शेवटचे चार हात जोरात मारवत नाहीत आणि ती खालून निघून जाते. या खेपेला तर ओला रॅशगार्ड डोक्यावरून काढता येईना, बायकोने ओढून काढला. तिसरा दिवस किनाऱ्यावर शहाळी पीत घालवला.

बरं, अगदीच आळशी आहे असंही नाही. आठवड्यातून तीनदा टँकवर सलग एक किलोमीटर फ्रीस्टाइल मारतो, जिममध्ये बेंच प्रेस करतो. मग अडतंय कुठे?

शांभवीकाठ:
मूळचा सांगलीचा, आता मुल्कीजवळच सुरतकलला. ससिहित्लूच्या किनाऱ्यावर सर्फिंगचा रविवार सहसा चुकवत नाही.

तुमचं किलोमीटर वाया नाही, पण ते काम वेगळं. पोहताना तोंड पाण्यात, पाय चालू. बोर्डावर छाती उचललेली, मान वर, पाय नुसते ओझं. हातांच्या आधी कंबर दमते. ती दमली की छाती बोर्डाला टेकते, मग प्रत्येक हात खांद्यातून उपसावा लागतो. खांदे भरतात ते तिथे. खोटं वाटत असेल तर जमिनीवर पालथे पडा, छाती उचला आणि हवेत पॅडल मारा. दोन मिनिटं टिकलात तर माझं म्हणणं मागे घेतो.

म्हणून रोज शलभासन आणि भुजंगासन. टँकवर मांड्यांत पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरा, पाय बंद. २५ मीटरमधले पहिले दहा-बारा हात डोकं वर काढून जीव खाऊन, उरलेलं निवांत. मग काठाला थोडं थांबायचं. असे आठ-दहा फेरे पुरेत, मान दुखली तर कमी. लाट पकडणं असंच असतं, एक झटका आणि मग बसून वाट बघणं. बेंच प्रेसचं म्हणाल तर पॅडल हे ओढण्याचं काम आहे, ढकलण्याचं नव्हे. पॉप-अपला, म्हणजे बोर्डावर झटक्यात उभं राहायला, आपले दंड-बैठकांतले दंड आहेतच.

जुनी_ट्यूब:
वरच्यांशी सहमत, एक भर. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, खिडकीच्या गजाला अडकवा. कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेर ओढायचा, पंधरा-पंधरा वेळा. दिसायला फालतू, पण खांद्याच्या आतले बारीक स्नायू यानेच टिकतात. मी कंटाळा केला होता, आठ महिने पाणी बंद झालं. आणि पहिल्या दिवशी हौसेने छोटा बोर्ड मागू नका. आठ फुटी फोमी (मऊ फोमचा बोर्ड) घ्या, तो जास्त तरंगतो, हात वाचतात.

कोथरूडचा_लाटवेडा:
पालथा पडून मोजलं. ३८ सेकंद! मुलगी हसून लोळली.

टँकवर डोकं वर काढून सुटलो तर सर लहान मुलांच्या बॅचसमोर ओरडले, "काका, डोकं खाली! श्वास घ्यायला परत शिकवू का?" आता सर जायची वाट बघून शेवटच्या लेनमध्ये करतो. पंक्चरवाल्याने ट्यूबचे पैसे घेतले नाहीत, पण सायकल कुठाय ते तीनदा विचारलं.