डॅशबोर्ड हिरवागार आणि रिपोर्ट गायब: हॉस्पिटलच्या आयटीवर रात्रभर पहारा हवाय का?

सर्व्हरखोली:
हॉस्पिटलच्या आयटीत बारा वर्षं काढली. मागच्या महिन्यात रात्री दोन ते पाच आमच्याकडे एकही लॅब रिपोर्ट वॉर्डातल्या स्क्रीनवर आला नाही आणि आमचा डॅशबोर्ड हिरवागार. सर्व्हर चालू, नेटवर्क चालू, सीपीयू चार टक्के (चारच असणार, काम कुठे करत होता तो). झालं असं की लॅबची सिस्टिम आणि हॉस्पिटलची मुख्य सिस्टिम यांच्या मध्ये जे इंटरफेस इंजिन असतं त्यात एक मेसेज अडकला. कोणीतरी शेऱ्यात उभी रेघ टाईप केली होती. हॉस्पिटलच्या सिस्टिम्स एकमेकींशी ज्या ठरलेल्या साच्यात बोलतात त्या एचएल-७ च्या मेसेजमध्ये उभी रेघ म्हणजे एक रकाना संपला, दुसरा सुरू. लॅबच्या सॉफ्टवेअरने ती रेघ साधं अक्षर आहे अशी खूण करून झाकायला हवी होती, झाकली नाही, पुढचे सगळे रकाने एक घर सरकले, पलीकडच्या सिस्टिमने मेसेज नाकारला, इंजिन बिचारं तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवत बसलं आणि त्याच्या मागे २१२ रिपोर्ट रांगेत. आम्हाला कळलं कधी, तर वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला तेव्हा.

माझं म्हणणं एवढंच की सर्व्हरला पिंग करून, म्हणजे तो जागा आहे का एवढंच विचारून, समाधान मानायचे दिवस गेले. रांगेतला सगळ्यात जुना मेसेज किती मिनिटांचा आहे ते बघा, दर दहा मिनिटांनी एका खोट्या टेस्ट पेशंटचा रिपोर्ट पाठवून तो पलीकडे उगवतो का ते बघा आणि हे बघायला रात्री एक पगारी माणूस ठेवा. तुमचं काय म्हणणं?

रात्रपाळीची सिस्टर:
म्हणजे शेवटी सिस्टरनेच कळवलं ना! मग पगारी माणूस कोणाचा हवा ते तुम्हीच सांगा. रात्री एका वॉर्डात आम्ही दोघी, त्यातली एक रजेवर गेली तर एकटी, आणि तुम्हाला स्क्रीन बघायला स्वतंत्र माणूस पाहिजे. दुसरं म्हणजे अलार्म. आमच्याकडे पेशंटच्या उशाशी मशीन रात्रभर बोंबलत असतात, कधी क्लिप सुटली म्हणून, कधी पेशंट कुशीवर वळला म्हणून, इतके की खरा वाजला तरी पहिले दोन सेकंद कानच दगड झालेले असतात. आता तुमच्या खोलीतही तेच होणार. आणि एक गोष्ट, त्या रात्री कोणाचं रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे जिवावर बेतेल इतकं, आलं असतं तर लॅबमधून फोनच आला असता, तो नियम कॉम्प्युटरच्या आधीपासूनचा आहे.

सर्व्हरखोली:
सिस्टर, फोन फक्त धोक्याची पातळी ओलांडलेल्या आकड्यांसाठी येतो. पोटॅशियम ४.१ चं ५.४ झालं तर कोणी फोन करत नाही, ते स्क्रीनवर चढताना दिसलं तरच डॉक्टर वेळेत औषध बदलतात. आणि रिपोर्ट आला नाही हे निदान जाणवतं तरी. कालचाच आकडा आजचा म्हणून स्क्रीनवर बसला असेल तर कोण फोन करणार? आमच्याकडे एका मशीनचं घड्याळ दोन तास मागे होतं, त्यामुळे ताजा रिपोर्ट यादीत जुन्याच्या खाली जाऊन बसायचा. घड्याळांतला फरक बघणारं कोणी नव्हतंच.

बिलिंगवाला:
मालकांच्या बाजूनेही कोणीतरी बोला राव. मोठ्यांना परवडतं, छोट्या हॉस्पिटलने रात्रपाळीचा आयटीवाला कुठून आणायचा, रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या धरल्या तर एका खुर्चीला दोन माणसं तरी लागतात. आम्ही सगळं क्लाऊडवर टाकलंय आणि करारात ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं लिहून घेतलंय. बंद पडलं तर त्यांचं डोकं.

जुनाखोड:
९९.९ चा हिशोब केलाय का कधी? वर्षाला पावणेनऊ तास बंद ठेवायची मुभा होते. करारात हिशोब वर्षाचा धरला असेल तर ते सगळे एकाच रात्री घेतले तरी करार मोडत नाही. आणि मोडलाच तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळेल, ती घेऊन आयसीयूत काय करणार?

निवांत डीबीए:
मी डेटाबेस सांभाळणारा, म्हणजे डीबीए; थोडा उलटा बोलतो, पण सिस्टरांच्या कारणासाठी नाही. मॉनिटरिंग कमी पडतं म्हणून गोष्टी बिघडतात हे मला पटतच नाही. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एचएसईचं, २०२१ चं प्रकरण बघा. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने मेलमधून आलेली एक्सेल फाईल उघडली. ३१ मार्चला त्याच कॉम्प्युटरवरच्या अँटीव्हायरसने कोबाल्ट स्ट्राइक आणि मिमिकॅट्झ ही हल्लेखोरांची नेहमीची हत्यारं ओळखली. पण तो ठेवला होता मॉनिटर मोडवर, म्हणजे बघणार, नोंद करणार, अडवणार नाही. पुढे १३ मेला अँटीव्हायरसवाल्यांनी मेल करून कळवलं की ७ मेपासूनचे अलर्ट तसेच पडलेत, किमान १६ सिस्टिम्सवर. त्यावर काय झालं, तर सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगितले! १४ मेच्या पहाटे रॅन्समवेअरने, म्हणजे फाईली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, सगळं कुलूपबंद केलं. हल्लेखोरांनी आठवड्याभरात किल्ली फुकट देऊन टाकली तरी सगळं पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. दिसत होतं सगळं. हे काम कोणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर तो पगार बॅकअप परत उभा करून बघण्यावर घाला. किती जणांनी मागच्या वर्षात अख्खा डेटाबेस रिकाम्या मशीनवर उतरवून पाहिलाय? 'बॅकअप यशस्वी' असा मेल रोज येतो, तो फक्त फाईल तयार झाली एवढंच सांगतो.

सर्व्हरखोली:
डीबीए साहेब, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच दिवसांत त्याच देशाच्या आरोग्य खात्यावर तसाच हल्ला झाला. तिथे १३ मेला संशयास्पद हालचाल दिसली, लगेच तपास सुरू केला, जादा टूल्स लावली, आणि १४ ला रॅन्समवेअर चालवायचा प्रयत्न झाला तेव्हा तो तिथेच अडला. बघणाऱ्याने हात हलवला तर फरक पडतो, मी तरी दुसरं काय म्हणतोय? बॅकअपचं मान्य. आम्हीही अख्खा उतरवून बघितला नाहीये, खोटं कशाला बोलू.

जुनाखोड:
आणि बघायचं काय, त्यात एसीही धरा. १९ जुलै २०२२ ला लंडनचा पारा ४० च्या वर गेला आणि गाईज अँड सेंट थॉमस या तिथल्या हॉस्पिटलांच्या ट्रस्टची दोन्ही डेटा सेंटर्स त्याच दिवशी बसली. एकाला दुसरं म्हणून ठेवलेलं, पण ऊन दोन्हीकडे सारखंच.

रात्रपाळीची सिस्टर:
तुम्ही सगळे बंद पडण्यावरच बोलताय, चालू झाल्यावर काय होतं ते कोणी बोलेना. सिस्टिम बंद असते तेव्हा आम्ही कागदावर लिहितो, ठीक. सकाळी सिस्टिम येते आणि मग रात्रीची सगळी औषधं ड्युटी संपल्यावर बसून भरायची. घाईत वेळ बदलायची राहिली तर रात्री दोनला दिलेलं अँटिबायोटिक सकाळी सव्वासातला दिलं असं दिसतं, पुढची सिस्टर तिथून आठ तास मोजते आणि दहाचा डोस दुपारी सव्वातीनला जातो. त्यात तुमची ती अडकलेली रांग सुटली की तेच रिपोर्ट दोन-दोनदा येतात. त्या रात्रीनंतर आले होते, डॉक्टरांना वाटलं सॅम्पल दोनदा घेतलं, मला विचारलं का टोचलंत परत. हे बघणारा अलार्म आहे का तुमच्याकडे?

सर्व्हरखोली:
नाहीये. दुहेरी रिपोर्ट थांबवता येतात, प्रत्येक मेसेजला नंबर असतो, पलीकडच्या सिस्टिमने तो तपासायला हवा, आमची तपासत नाही हे मला तुमच्यामुळे आत्ता कळतंय. वेळेचं मात्र खरंच अवघड आहे. दिल्याची वेळ आणि भरल्याची वेळ वेगळ्या रंगात दाखवता येईल बहुतेक, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारतो.

बिलिंगवाला:
मग शेवटी अलार्म बसवला की नाही?

सर्व्हरखोली:
बसवला. रांगेतला मेसेज १५ मिनिटांपेक्षा जुना झाला की फोन वाजतो. आठवड्यात तीनदा वाजला, एकदा खरा होता, दोनदा लॅबवाल्यांनी न सांगता सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणून. पगारी माणूस मंजूर नाही झाला, फोन माझ्याच उशाशी असतो.

रात्रपाळीची सिस्टर:
दोनदा खोटा. चौथ्यांदा पहाटे चारला वाजला तर उचलाल ना?