‘मीन्स टेस्ट’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: आमच्या इंदूरच्या महिला मंडळात वृद्धापकाळ पेन्शनवर बोलायचं आहे: सरसकट द्यावी की गरजूंनाच? मदत देण्याआधी माणसाची कमाई आणि मालमत्ता तपासतात, ती ‘मीन्स टेस्ट’. तिला ‘साधनचाचणी’ म्हटलं तर आईला काही उमजेना. ‘ऐपतीची अट’ चालेल का?

उत्तर: ताई, नको. अट म्हटली की ती पुरी करायची असते. ‘वयाची अट’ म्हणजे तेवढं वय हवं. तसं ‘ऐपतीची अट’ ऐकून वाटेल, ऐपत असेल त्यालाच पेन्शन. महाराष्ट्रात तहसील कचेरीतून ‘ऐपतीचा दाखला’ मिळतो, तो जवळ काही आहे हे दाखवायला. इथे तर म्हातारीला आपल्याकडे काही नाही हे दाखवावं लागतं.

‘उत्पन्नाची मर्यादा’ अर्धाच अर्थ देतो. ऑस्ट्रेलियात उत्पन्नही बघतात आणि मालमत्ताही, फक्त राहतं घर सोडतात. (न्यूझीलंडमध्ये 65 नंतरच्या पेन्शनला दोन्ही विचारत नाहीत.) दोन्ही पोटात घेणारा शब्द आपल्याकडे आहेच: मिळकत. ‘महिन्याची मिळकत किती?’ म्हणजे कमाई, आणि पुण्यात घरावर भरतात तो मिळकतकर. म्हणून ‘मिळकतीची मर्यादा’.

दुसरं उत्तर: हा शब्द पटला, कारण आमच्या इंदूरच्याच रामबागेतल्या आजींचं गाडं नेमकं याच दोन अर्थांत अडलं. कमाई शून्य. नावावर सासऱ्यांच्या वेळच्या दोन खोल्या, पावसाळ्यात पलंगाच्या पायथ्याशी पातेलं ठेवावं लागतं. पेन्शनच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘आपका तो पक्का मकान है।’ त्या घरी येऊन एवढंच म्हणाल्या, ‘माझं नाव कटलं गं.’ केंद्राच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्यांना 60 ते 79 वयापर्यंत महिना 200 रुपये, 80 नंतर 500. राज्य त्यात आपली भर घालतं. एवढ्यासाठी घराच्या भिंती मोजायच्या?

प्रश्नकर्ती: पण दादा, मर्यादाच काढली तर बंगलेवालेही घेतील, असं मंडळात कुणीतरी म्हणणारच.

दादा: म्हणू द्या. बंगलेवाल्याकडून करात परत घेता येतं. नाव कटलेल्या आजींना मात्र कुणी शोधत येत नाही. मी सरसकटच्याच बाजूचा. तुम्ही विषय असा लिहा: ‘वृद्धापकाळ पेन्शनला मिळकतीची मर्यादा असावी का?’ आणि पहिल्यांदा आजींनाच बोलू द्या.