जॅकी चॅनचे फटके हाँगकाँगच्या चित्रपटांत जास्त का लागतात?

अनवट
हाँगकाँगचा 'पोलीस स्टोरी' (१९८५) आणि अमेरिकेचा 'रश अवर' (१९९८) लागोपाठ बघा. माणूस तोच, पहिल्यात ३१ वर्षांचा, दुसऱ्यात ४४ चा, आणि चपळाई फारशी उतरलेली नाही. तरी पहिल्यातला प्रत्येक फटका बघणाऱ्याच्या बरगडीत बसतो आणि दुसऱ्यात नुसती धावपळ वाटते. हा फरक वयाचा, पैशाचा की चित्रीकरणाचा? आणि नवख्याने कुठून सुरुवात करावी? किस्से नकोत, नेमकं सांगा.

रीळवाला
वयाचा थोडाफार. पैशाचं म्हणाल तर उलटच आहे, 'रश अवर'चं बजेट कितीतरी मोठं. खरा फरक वेळेचा आणि कात्रीचा, म्हणजे संकलनाचा.

हाँगकाँगच्या पद्धतीत मारामारीच्या वेळी कॅमेरा बहुतेक स्थिर आणि चौकट रुंद असते. मारणारा आणि खाणारा, दोघंही पायांपर्यंत दिसतात. अमेरिकन पद्धतीत फटका सुटतो एका शॉटमध्ये आणि बसतो दुसऱ्यात, तोही जवळून, हलत्या कॅमेऱ्याने. कट नेमका टेकण्याच्या क्षणी पडला की डोळ्याला तो क्षण मिळतच नाही.

आता हाँगकाँगचा कट बघा. रुंद शॉट लाथ छातीला टेकेपर्यंत चालू ठेवतात. पुढचा जवळचा शॉट मात्र टेकलेल्या जागेपासून न जोडता तीन-चार फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं) मागून जोडतात, म्हणजे टेकण्याआधीचा क्षण दोनदा येतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ३ फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. पुनरावृत्ती कळत नाही, दोन्ही मिळून एकच जोरकस लाथ वाटते. प्लेअरवर एकेक फ्रेम पुढे सरकवलीत की सापडेल. यात हात सैल सोडला तर मात्र फसतं: मागे जाणं पाव सेकंदाच्या घरात गेलं की तीच लाथ दोनदा मारल्यासारखी दिसते.

वेगाचीही एक युक्ती आहे. कॅमेरा २४ ऐवजी २२ किंवा २० फ्रेमने चालवायचा आणि पडद्यावर २४ ने दाखवायचं. २२ ला साधारण ९ टक्के वेग वाढतो, २० ला २० टक्के. चुगली करतात त्या सैल बाह्या, केस आणि मागून चालणारी माणसं, म्हणून हे सबंध मारामारीला न लावता निवडक शॉटना लावतात. कपड्यांवर पावडर मारलेली असते ती वेगळीच. फटका बसला की धूळ उडते आणि लांबूनही नेमकी जागा कळते. शिवाय त्या काळी आवाज सेटवर घेत नसत, सगळा नंतर भरायचे. त्यामुळे शॉट चालू असताना अ‍ॅक्शन डिरेक्टरला ओरडून मोजणी देता येई.

तिसरी घंटा
तालाचा मुद्दा राहिला. यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा (गाणं, कसरती आणि मारामारी असलेलं पारंपरिक चिनी नाट्य) शाळेत जॅकी लहानपणी दहा वर्षांच्या करारावर होता. पुढे त्याच्यासारखेच अ‍ॅक्शन नट झालेले सॅमो हंग आणि युएन बियाओ तिथलेच. त्या रंगभूमीवरची मारामारी वाद्यांच्या ठेक्यावर चालते: चार-पाच हालचाली, मग क्षणभर ताठ थांबणं, मग पुन्हा. त्याच्या मारामाऱ्या आवाज बंद करून बघा, हे थांबे मोजता येतात. ते कापले की उरते ती धावपळ, म्हणजे 'रश अवर'बद्दलची तुमची तक्रार.

आणि कारकिर्दीकडे बघितलं तर प्रश्न कायम एकच दिसतो: कात्री कोणाच्या हातात? १९७६ पासून निर्माता-दिग्दर्शक लो वेईने त्याला दुसरा ब्रूस ली म्हणून उभं केलं, आणि चित्रपट एकामागून एक आपटले. १९७८ मध्ये त्याला सीझनल फिल्म्स या दुसऱ्या कंपनीला उसना दिला. तिथे युएन वू-पिंगच्या दिग्दर्शनाखाली एकाच वर्षात दोन चित्रपट गाजले, 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'. ब्रूस ली मारून उभा राहतो; हा मारतो आणि हात झटकत कळवळतो. पुढे गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या निर्मितीसंस्थेने त्याला दिग्दर्शनही दिलं आणि भरपूर वेळही, माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. 'ड्रॅगन लॉर्ड' (१९८२) वेळापत्रक ओलांडून गेला तरी त्याला पुढचा चित्रपट मिळाला.

उलट उदाहरण 'द प्रोटेक्टर' (१९८५). दिग्दर्शक जेम्स ग्लिकेनहाउस, पद्धत अमेरिकन. जॅकीला तो इतका खटकला की हाँगकाँगसाठी त्याने काही भाग नव्याने चित्रित केला, किकबॉक्सर बिल वॉलेसबरोबरची शेवटची मारामारीसुद्धा. दोन्ही आवृत्त्यांतली ती मारामारी शेजारी लावून बघा. जोडी तीच, हाताळणी वेगळी. तुमच्या प्रश्नाला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

अनवट
हे पटलं. आणि दुखापती? खऱ्या की जाहिरातीचा भाग?

रीळवाला
खऱ्या. जाहिरात त्यांची नंतर झाली. 'पोलीस स्टोरी'त मॉलमधल्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो घसरत येतो. तळवे भाजले आणि पाठीला मार बसला. मारामारीत फुटणाऱ्या काचाही स्टंटसाठी नेहमी वापरतात त्यापेक्षा जाड होत्या. ती घसरण पडद्यावर वेगवेगळ्या कोनांतून परत परत दाखवली आहे, कारण मध्ये कट नाही हे प्रेक्षकाला दिसायला हवं. 'प्रोजेक्ट ए'मधलं (१९८३) घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडणंही असंच पुन्हा येतं. तिथे खाली कापडी छपरं वेग तोडायला होती.

सगळ्यात जीवघेणा अपघात 'आर्मर ऑफ गॉड'चा, युगोस्लाव्हियात. झाडावरची उडी, तीही तुलनेने साधी. फांदी तुटली, डोकं दगडावर आपटलं, कवटी फुटली. चित्रपटात त्याच्या केसांची लांबी बदलते ती चित्रीकरणात पडलेल्या खंडामुळे. असल्या उड्या मुख्य नटाला मारू द्यायला अमेरिकन स्टुडिओचा विमेवाला तयार होत नाही, हेही 'रश अवर' मवाळ असण्याचं एक कारण.

तिसरी घंटा
क्रम असा घ्या: 'ड्रंकन मास्टर', 'प्रोजेक्ट ए', मग 'व्हील्स ऑन मील्स' (१९८४) निदान किकबॉक्सर बेनी उर्किडेझबरोबरच्या मारामारीसाठी, मग 'पोलीस स्टोरी'. 'रश अवर' हवा तर त्यानंतर. शेवटच्या श्रेयनामावलीत चुकलेले टेक येतील तिथे उठून जाऊ नका. एक हालचाल कुठे कुठे फसते ते तिथेच दिसतं. ही कल्पना त्याने अमेरिकेतल्या 'कॅननबॉल रन'वरून (१९८१) उचलली.

आवृत्ती तपासूनच घ्या. कँटोनीज (हाँगकाँगची भाषा) आवाज, खाली सबटायटल. 'रंबल इन द ब्राँक्स' आणि १९९४ चा 'ड्रंकन मास्टर २' अमेरिकेत आणताना डबिंग आणि संगीत दोन्ही बदललं, वर कात्रीही चालवली. दुसऱ्याचा तर शेवटचा प्रसंगच उडवला. तिथे तो २००० साली 'द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर' नावाने आला, म्हणून नाव बघूनच ओळखता येईल.