गाडीचा हॉर्न वाजला की पोराचं पोट दुखते

वेचणीवाली आई, दारव्हा तालुका
माझा पोरगा सहा वर्षांचा. अंगणवाडीत उड्या मारत जायचा. जूनच्या शेवटी शाळा उघडल्या तसं तालुक्याच्या कॉन्व्हेंटात पहिलीत टाकलं. दिवाळीनंतर मात्र सकाळी गाडीचा हॉर्न वाजला की पोट धरून बसते. गाडी पांदणीच्या वळणावर दिसेनाशी झाली, की हा बकरीच्या पिलामागं पळून राहिलेला! रविवारी पोट दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. डबा संपवून आणते, पाण्याची बाटली मात्र भरलीच्या भरली. यांचं म्हणणं, लाडानं बिघडला. परवा मी एक चापट मारली, अन् दिवसभर कापूस वेचताना तेच डोळ्यासमोर. काय करू?

अचलपूरची ताई
घरी राहिला तर मोबाइल देऊ नका. काही दिवस बाबांनी गाडीवर सोडून पाहावं.

निवृत्त गुरुजी
ताई, पोटदुखी खोटी समजू नका. भीतीनं खरंच दुखते. मला तुमची ती बाटली खटकली. लघवीला जावं लागू नये म्हणून लेकरं पाणीच पीत नाहीत, हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत कितीदा पाहिलं. मुतारीला कडी नसते, नाहीतर विचारायची भीती. ‘काहून जात नाही’ असं विचारू नका, तो सांगणार नाही. संध्याकाळी शाळा-शाळा खेळा. त्याला मॅडम करा, तुम्ही पोरगी व्हा.

वेचणीवाली आई
गुरुजी, काल खेळलो. मी म्हटलं, ‘मॅडम, मले लघवीले लागली.’ त्यानं तुराटी जमिनीवर आपटली, ‘इंग्लिश! इंग्लिश!’ अन् मले भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मंग हळूहळू सगळं निघालं. दिवाळीआधी चड्डीतच झाली होती, पूर्ण वर्ग हसला. हे ऐकून यांनी ताटावरून हात काढला. आज शाळेत जाऊन आलो. ‘नियम सर्वांना सारखा’ म्हणाले. गावच्या शाळेत घालायचं ठरवलं, तर फी बाकी म्हणून दाखला देत नाहीत.

निवृत्त गुरुजी
बाकीचा हिशेब वेगळा, लेकराचा प्रवेश वेगळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 वाचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कॉन्व्हेंटाकडं दाखल्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वर्गात असं उभं करणं हा मानसिक त्रासच, त्याला कलम 17 नं बंदी आहे. तेही अर्जात लिहा. अन् नव्या शाळेत पहिल्याच दिवशी मुतारी कुठं आहे ते त्याला हात धरून दाखवा, कडी लावून पाहू द्या.

वेचणीवाली आई
सोमवारी गावच्या शाळेत नाव घातलं. कडी त्यानं तीनदा लावून पाहिली. काल पोट दुखतं म्हणाला, पण गेला. बाटली अर्धी आली.