विमान ‘स्टॉल’ झालं: मराठीत काय लिहाल?

कोरा_कागद: एक अनुवाद तपासतोय. १० जानेवारी १९५६, कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. एफ-१००सी सुपर सेबर हे लढाऊ विमान उतरता उतरता कोसळलं, लेफ्टनंट बार्टी ब्रुक्स ठार झाले. अनुवादात आहे ‘इंजिन बंद पडले’. मूळ शब्द ‘स्टॉल’. मोटारीचं इंजिन घुटमळून बंद पडतं त्यालाही इंग्रजीत हाच शब्द, म्हणून ही गफलत. इथे इंजिन चालू होतं, उलट आफ्टरबर्नरही (इंजिनाच्या मागे जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) पेटवला होता. ‘स्टॉल’ तसंच ठेवलं तर वाचकाला वडापाव दिसतो.

रेघोट्या: ‘तोल गेला’ लिहा आणि मोकळे व्हा.

पाना_पकड: तोल जाणं हा पुढचा परिणाम. स्टॉल पंखाचा होतो. समोरून येणाऱ्या हवेला पंख फार तिरपा झाला (सरळ पंखाला साधारण १५ अंशांच्या पुढे) की पाठीवरची हवा चिकटून वाहत नाही, उचल ढासळते. मी ‘पंखाने हवा सोडली’ म्हणेन.

रेघोट्या: टायरची सोडतात तशी? आणि सोडते हवा, पंख नव्हे.

पाना_पकड: मान्य. ‘हवेने पंख सोडला’.

तत्सम: शीर्षकात वाक्य कसं बसवणार? ‘उत्थापनलोप’ घ्या. एक शब्द, अर्थ नेमका.

रेघोट्या: नेमका, पण वाचणाऱ्याचा जीव जाईल.

मांजा: पतंगवाल्यांकडे तयार शब्द आहे की. ‘विमानाने गोता खाल्ला.’

पाना_पकड: गोत्यात नाक खाली जातं. इथे नेमकं उलटं झालं. पुढचं चाक सरळ धरणारी कात्री (दुव्यांचा जोड) सुटून चाक मोकळं फिरत होतं, म्हणून लांब-रुंद धावपट्टीसाठी विमान एडवर्ड्सला वळवलं. या ‘सी’ प्रकाराला फ्लॅप (कमी वेगातही उचल मिळावी म्हणून पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या फळ्या) नव्हते, ते पुढे ‘डी’ला आले. त्यामुळे उतरण्याचा वेग मुळातच जास्त, आणि तो कमी करायचा तर नाक वर धरायचं. उचल निर्माण करताना हवेचा जो अवरोध सोसावा लागतो, तो वेग निम्मा केला की चौपट होतो. एका मर्यादेखाली जितकं हळू जाल तितका जोर जास्त लागतो. त्यात पंख ४५ अंश मागे झुकलेले. अशा पंखावर हवा टोकांकडे सरकते, टोकं आधी स्टॉल होतात. टोकं मागे असल्यामुळे मागची उचल गेली की नाक आणखी वर. सुटकेचा मार्ग म्हणजे नाक खाली घेऊन वेग वाढवणं, पण त्याला उंची लागते आणि जमीन तर खालीच होती. आफ्टरबर्नरच्या जोरावर विमान नाक वर करून डुलत राहिलं, मग एका अंगावर कलंडलं. एडवर्ड्सवर कॅमेरे होते, म्हणून हे सगळं चित्रित झालं.

मांजा: मग ‘डुलणं’ घ्या! वैमानिक यालाच ‘सेबर डान्स’ म्हणतात ना?

कोरा_कागद: हो, आणि अनुवादात त्याचं ‘तलवारनृत्य’ झालंय.

तत्सम: चूक काय? सेबर म्हणजे वक्र तलवारच.

पाना_पकड: इथे सेबर हे विमानाचं नाव. संगीतकार खाचातुरियनच्या १९४२च्या बॅलेमधला ‘सेबर डान्स’ गाजलेला होता, त्यावरची ती कोटी. भाषांतरात कोटी मरते. ‘सेबर डान्स’ तसंच ठेवा.

तत्सम: म्हणजे सगळंच इंग्रजी. ‘विमान’ आपलं, ‘धावपट्टी’ आपली, मग स्टॉलपाशीच का अडायचं?

रेघोट्या: ‘हवाई दल’ म्हणताना अडता का? हवा अरबीतून आलीय.

तत्सम: हवा मुरलीय. स्टॉल अजून मुरायचाय.

मांजा: वडापाववाल्याकडे मुरलाय की.

कोरा_कागद: मंडळी, ‘अप्रोच’चंही (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) अडलंय. ‘अवतरणाचा टप्पा’ केलंय.

रेघोट्या: अवतरण म्हटलं की मला चिन्हं दिसतात. ‘उतरणीला लागलेलं विमान’ लिहा.

तत्सम: उतरण घाटाला असते. आकाशात कुठली?